पंचवटीतील झाडे : घरच्या घरी बियांपासून रोपे

नाशिक येथे गोदावरीच्या डाव्या तीरावर वसलेल्या पंचवटीचे नावच मुळी झाडांवरून पडले आहे. काळाराम मंदिराच्या परिसरात सीतागुंफेजवळची वडाची झाडे यात्रेकरू आवर्जून पाहतात. जुन्या धार्मिक ग्रंथांत मात्र पंचवटीचा आणखी एक अर्थ सांगितला आहे. त्यानुसार पूर्वेस पिंपळ, उत्तरेस बेल, पश्चिमेस वड, दक्षिणेस आवळा आणि आग्नेयेस अशोक अशी पाच निरनिराळी झाडे लावली म्हणजे पंचवटी होते. यांपैकी बेल आणि आवळा ही फळझाडे आहेत, अशोक फुलांसाठी प्रसिद्ध आहे, तर वड-पिंपळाची फळे पक्ष्यांच्या उपयोगी पडतात.

शेतकरी बंधू-भगिनींनो, वस्तीवर, शाळेच्या आवारात, मंदिराभोवती किंवा बंगल्याच्या पुढे अशी शोभेची फळझाडे लावण्याची हौस आता खेड्यांतूनही वाढली आहे. रोपवाटिकेतील मोठी रोपे विकत घेण्यास खर्च येतो. थोडी माहिती असल्यास हीच रोपे घरी बियांपासून अल्प खर्चात तयार करता येतात. मात्र या कामात तीन ठिकाणी फसगत होते. पहिली म्हणजे बी जुने निघाल्याने ते उगवतच नाही. दुसरी म्हणजे बियांपासून आलेल्या झाडाला अपेक्षेप्रमाणे फळे येत नाहीत. तिसरी म्हणजे हौसेने लावलेले झाड आपल्याच द्राक्ष, डाळिंब किंवा लिंबाच्या बागेला त्रासदायक ठरते. पालेभाजीत चूक झाली तर ती महिन्याभरात समजते. झाडाच्या बाबतीतील चूक सात-आठ वर्षांनी समजते आणि तोपर्यंत जागा, पाणी व मेहनत खर्ची पडलेली असते. म्हणून बी पेरण्यापूर्वीच या तिन्ही बाबींचा विचार करावा.

बियांपासून काय मिळते, काय मिळत नाही?

हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, हे आपणास ठाऊकच आहे. कारण बहुतेक फळझाडांत परागीभवनाने दोन झाडांचे गुण एकत्र येतात आणि प्रत्येक बी वेगळे निपजते. बेल, आवळा, कवठ, पपनस या झाडांचेही असेच आहे. मोठ्या आवळ्याच्या बियांपासून आलेल्या झाडाला लहान, तुरट व रेषाळ आवळे लागू शकतात. शिवाय बियांपासून वाढलेल्या बेलाला किंवा आवळ्याला फळ धरण्यास साधारणपणे सात ते आठ वर्षे लागतात. कलमी झाड त्याच्या निम्म्या काळात फळावर येते.

काही फळझाडे मात्र याला अपवाद आहेत. कागदी लिंबू, कुंडीतील चायना संत्री आणि जांभूळ यांच्या एका बीमधून पुष्कळदा दोन-तीन रोपे निघतात. यास बहुभ्रूणता म्हणतात. लिंबूवर्गातील अशा बियांत एखादे रोप संकराचे असते, तर बाकीची मातृवृक्षाच्या पेशींपासून तयार झालेली असल्याने मातृवृक्षासारखीच निपजतात. संकराचे रोप बहुधा किरकोळ, बुटके किंवा वेगळ्या पानांचे असते. ते काढून टाकावे आणि जोमदार व एकसारखी रोपे ठेवावीत. महाराष्ट्रात कागदी लिंबाची लागवड बियांच्या रोपांपासून केली जाते, ती याच गुणामुळे.

यावरून एक साधा नियम करता येईल. सावली, शोभा, पूजेसाठी पाने आणि पक्ष्यांना आसरा हा हेतू असेल तर बियांचे रोप उत्तम, कारण त्याचे सोटमूळ खोल जाते आणि झाड वाऱ्यास व पाण्याच्या ताणास चांगले तोंड देते. बाजारात विकण्याजोगी फळे हवी असतील तर कलमच लावावे. दोन्ही साधायचे असेल तर बियांचे रोप खुंट म्हणून वापरून त्यावर चांगल्या जातीचा डोळा भरावा. आवळ्यात कृष्णा, कांचन, चकैया, नरेंद्र आवळा-७ आणि बेलात नरेंद्र बेल-५, नरेंद्र बेल-९ या जाती प्रचलित आहेत. आवळ्यात एकाच जातीची झाडे लावल्यास फळधारणा कमी होते. त्यामुळे निदान दोन जाती जवळपास असाव्यात.

बी ताजे असावे

धान्याचे बी कोठीत वर्षभर टिकते, तसे या झाडांचे होत नाही. जांभूळ, अशोक आणि बेल यांचे बी सुकले की त्याची उगवणशक्ती झपाट्याने जाते. जांभळाचे बी दहा-पंधरा दिवसांतच निकामी होऊ लागते. त्यामुळे बाजारातून पाकिटातील बी मागविण्यापेक्षा गावातील चांगले झाड हेरून ठेवावे व त्याची फळे पक्व झाली की लगेच बी काढून पेरावे. आवळ्याचे बी मात्र कोरडे करून काही महिने ठेवता येते.

बी निवडताना झाड निरोगी, मध्यम वयाचे व नियमित फळणारे असावे. किडके, फुटलेले किंवा अकाली गळालेले फळ घेऊ नये. एकाच झाडाऐवजी दोन-तीन झाडांचे बी घेतल्यास रोपांत विविधता राहते.

माती व पिशव्या

रोपांसाठी दोन भाग पोयटा माती, एक भाग वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण चाळून घ्यावे. निव्वळ काळी माती वापरू नये. ती पाणी धरते, सुकल्यावर भेगाळते व कोवळी मुळे तुटतात. कच्चे शेणखत वापरल्यास हुमणी व मर या दोन्हींना आमंत्रण मिळते.

आवळा व जांभूळ यांसाठी साधारण १५ सें.मी. रुंद व २० ते २५ सें.मी. उंच पिशवी घ्यावी. घरात जमा होणाऱ्या अर्धा लिटर दुधाच्या पिशव्या धुऊन, तळाशी व बाजूस सात-आठ भोके पाडून वापरल्या तरी चालतात. मात्र त्यांत रोप चार-पाच महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नये, कारण सोटमूळ तळाशी गोल फिरते. असे मूळ वळलेले रोप शेतात लावल्यावर वाढत नाही आणि पुढे वाऱ्याने कलंडते.

आता प्रत्येक झाडाची पद्धत पाहू.

बेल

बेलफळे चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत पिकतात. पिवळसर, पूर्ण पक्व फळ फोडून गर पाण्यात कुस्करावा. बियांभोवती चिकट डिंकासारखा पदार्थ असतो. तो राहिल्यास बुरशी येते, म्हणून बी राखेत किंवा वाळूत चोळून स्वच्छ धुवावे. सावलीत एक दिवस सुकवून लगेच एक सें.मी. खोलीवर पेरावे. दोन ते तीन आठवड्यांत उगवण होते. रोपे सावकाश वाढतात व त्यांना काटे असतात. लागवडीस साधारण एक वर्षाचे रोप योग्य होते. मोठ्या बेलाच्या मुळांतून फुटवेही निघतात. जवळ असे झाड असल्यास पावसाळ्यात मुळासह फुटवा काढून लावता येतो व तो मूळ झाडासारखाच निपजतो.

आवळा

कार्तिकापासून पौषापर्यंत झाडावर पूर्ण पक्व झालेली फळे घ्यावीत. वरचा गर काढून आठळ्या उन्हात सुकवाव्यात. आठळी तडकली की आतून साधारण सहा बारीक बिया निघतात. आठळ्या फडक्याने झाकून ठेवाव्यात, अन्यथा तडकताना बी उडून जाते. पेरण्यापूर्वी बी पाण्यात टाकावे. वर तरंगणारे बी पोचट असते, ते फेकावे. तळाशी बसलेले बी २४ तास भिजवून फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्धा ते एक सें.मी. खोलीवर पेरावे. खोल पेरल्यास उगवत नाही. रोप पेन्सिलीएवढ्या जाडीचे झाले आणि पावसाळ्याच्या सुमारास सालीत रस खेळू लागला की त्यावर डोळा भरता येतो. हे काम प्रथम जाणकार माळ्याकडून शिकून घ्यावे.

निफाड, दिंडोरी भागात हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते. आवळ्याचे पहिल्या दोन वर्षांतील रोप या थंडीने जळू शकते. डिसेंबर-जानेवारीत रोपाभोवती तुराट्या किंवा उसाच्या पाचटाचा आडोसा करावा व थंडीच्या रात्री हलके पाणी द्यावे.

अशोक

येथे पुष्कळांची गल्लत होते. रस्त्याच्या कडेला उंच सुळक्यासारखे वाढणारे, लांबट नागमोडी पानांचे झाड म्हणजे खरा अशोक नव्हे. त्यास खोटा अशोक किंवा आसुपालव म्हणतात व त्याची फुले हिरवट असतात. खऱ्या अशोकाला, म्हणजे सीता-अशोकाला, वसंत ऋतूत केशरी-लाल फुलांचे गुच्छ थेट फांद्यांवर येतात, कोवळी पालवी तांबूस व लोंबती असते आणि चपट्या शेंगा लागतात. औषधासाठी सालीची बेसुमार तोड झाल्याने रानातील सीता-अशोक कमी झाला आहे. म्हणून त्याची रोपे तयार करणे विशेष उपयोगाचे आहे. बी घेण्यापूर्वी झाडाची फुले किंवा शेंगा पाहून खात्री करून घ्यावी.

शेंगा उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्याच्या सुरवातीपर्यंत पक्व होतात. शेंग तडकू लागली की मोठे, चपटे बी काढून त्याच आठवड्यात आडवे पेरावे. तीन ते चार आठवड्यांत कोंब येतो. पहिले वर्षभर रोप अर्धवट सावलीत ठेवावे. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात कोवळी पाने करपतात. वाढ सावकाश होते, त्यामुळे दीड ते दोन वर्षांचे रोप लावावे. पाण्याचा ओलावा कायम राहील अशी जागा यास मानवते.

वड व पिंपळ

या झाडांच्या फळात मोहरीपेक्षाही बारीक बिया असतात. फळे पूर्ण पिकून मऊ झाल्यावर गोळा करावीत, सावलीत सुकवावीत व चुरावीत. पसरट कुंडीत बारीक विटकरीचा चुरा व चाळलेले पानांचे खत समप्रमाणात भरून त्यावर हा चुरा विखरावा. वरून माती टाकू नये, कारण या बियांना उगवणीसाठी उजेड लागतो. झारीने पाणी घातल्यास बी वाहून जाते. म्हणून कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्यावी व वर काच किंवा पारदर्शक प्लॅस्टिक झाकावे. दोन-चार आठवड्यांत हिरवे ठिपके दिसू लागतात. तीन-चार पाने आल्यावर काडीने उचलून रोपे पिशवीत लावावीत.

याहून सोपा मार्ग निसर्गानेच करून ठेवला आहे. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले पिंपळाचे व वडाचे बी जुन्या वाड्यांच्या भिंतीत, घाटांच्या दगडी सांध्यांत व विहिरीच्या कठड्यावर उगवते. अशी रोपे तिथे वाढू दिल्यास बांधकाम फोडतात. पावसाळ्यात भिंत चांगली भिजल्यावर वीतभर उंचीचे रोप मुळासह अलगद सोडवावे, अर्धी पाने छाटावीत व पिशवीत लावून पंधरा दिवस सावलीत ठेवावे. यात भिंतही वाचते आणि रोपही मिळते. वडाची मनगटाएवढी जाड फांदी पावसाळ्याच्या सुरवातीस लावली तरी फुटते, मात्र बियांच्या रोपासारखे सोटमूळ तिला येत नाही.

जांभूळ व कवठ

जांभळे मृगाच्या सुमारास पिकतात. खाल्लेल्या जांभळाचे बी धुऊन त्याच दिवशी पेरले तरी चालते. दोन ते तीन सें.मी. खोलीवर पेरल्यास दहा ते पंधरा दिवसांत उगवते. एका पिशवीत दोन-तीन कोंब आल्यास जोमदार एक ठेवावा. फळे येण्यास आठ-दहा वर्षे लागतात. कवठाचे बी पिकलेल्या कवठातून काढून बेलाप्रमाणेच धुऊन पेरावे. कवठाचे झाड काटक असून हलक्या जमिनीतही तग धरते, मात्र फळासाठी बेलापेक्षाही अधिक धीर धरावा लागतो.

कुंडीतील फळझाडे

ज्यांना अंगण नाही त्यांनी चायना संत्री किंवा बुटके डाळिंब लावावे. चायना संत्रीला लहान, आंबट व केशरी फळे येतात व ती झाडावर दीर्घकाळ शोभून दिसतात. बी सुकू न देता पेरावे. बुटके डाळिंब बियांपासून बहुतांशी मूळ झाडासारखेच येते, लवकर फुलते आणि त्याची लाल फुले व लिंबाएवढी फळे कुंडीत खुलून दिसतात. डाळिंबाच्या बियांवरील रसाळ आवरण चोळून काढून मगच पेरावे. मात्र हे झाड लावण्यापूर्वी पुढील सूचना अवश्य वाचाव्यात.

बागायतदारांनी घ्यावयाची दक्षता

शोभेचे झाड म्हणजे निरुपद्रवी झाड, असे समजू नये. व्यापारी बागेवर येणाऱ्या किडी व रोग हौसेने लावलेल्या झाडावरही वाढतात. बागेत आपण फवारणी करतो, अंगणातील झाडाकडे मात्र कोणी पाहत नाही.

१) डाळिंब : तेलकट डाग रोगाने, म्हणजे तेल्याने, या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रातील डाळिंब बागांचे मोठे नुकसान केले. सोलापूर येथे २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले, तेथेही या रोगावर संशोधन होते. हा जिवाणूजन्य रोग रोगट रोपांतून व पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून पसरतो. मालेगाव, सटाणा, देवळा, कळवण भागातील डाळिंब बागायतदारांनी बागेजवळ शोभेचे डाळिंब लावूच नये. इतरांनी लावल्यास पानांवर व फळांवर काळपट तेलकट डाग दिसताच झाड उपटून जाळावे.

२) कामिनी व कढीपत्ता : पांढरी सुवासिक फुले व तांबडी फळे येणारी कामिनी, म्हणजेच कुंती, कुंपणासाठी सर्रास लावली जाते. ती व कढीपत्ता दोन्ही लिंबूवर्गाच्या कुळातील आहेत. ग्रीनिंग रोग पसरविणारी सिट्रस सायला ही कीड दोघांवरही वाढते. लिंबू, मोसंबी किंवा संत्र्याच्या बागेच्या बांधावर कामिनीचे कुंपण करू नये.

३) बेल, कवठ व लिंबू : लिंबावरील फुलपाखराच्या अळ्या या रोपांची कोवळी पाने फस्त करतात. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे लक्षात येत नाही. रोपे थोडी असतील तर रोज सकाळी अळ्या वेचून नष्ट कराव्यात. जास्त असल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी अर्धा किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एकूण १० लिटर द्रावण करावे.

४) द्राक्षबाग : नाशिकला द्राक्षाचा मुख्य हंगाम ऑक्टोबर ते मार्च असतो. या काळात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने झाडाची सावली उत्तरेकडे लांब पडते. बागेच्या दक्षिण बांधावर जांभूळ किंवा वड लावल्यास वेलींवर सावली पडून भुरीस अनुकूल स्थिती होते व मणी नीट पक्व होत नाहीत. उंच झाडे उत्तर बांधावर लावावीत.

रोपांची निगा

उगवणीनंतर पहिले दोन महिने महत्त्वाचे असतात. पाणी जास्त झाल्यास रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. पेरण्यापूर्वी बियांस ट्रायकोडर्मा ५ ग्रॅम प्रति किलो या प्रमाणात चोळावे. बी थोडे असल्यास मूठभर शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून ते पिशवीच्या वरच्या थरात द्यावे. कोलमड दिसल्यास पाणी कमी करावे व कॉपर ऑक्सिक्लोराईड २५ ग्रॅम १० लिटर पाण्यात मिसळून मुळाशी ओतावे. ट्रायकोडर्मा व हे औषध एकाच वेळी देऊ नये.

पावसाळ्यात पिशव्या उंच जागी ठेवाव्यात. दर महिन्यास पिशवी उचलून जागा बदलावी, म्हणजे मुळे जमिनीत शिरत नाहीत. लागवडीपूर्वी महिनाभर रोपे हळूहळू उन्हात आणावीत व पाणी थोडे कमी करावे, म्हणजे ती काटक होतात.

जागा व लागवड

वड-पिंपळ घर, विहीर व जलवाहिनी यांपासून निदान १५ मीटर दूर असावेत. जांभळास १० मीटर, बेलास ८ मीटर, आवळ्यास ७ मीटर व अशोकास ५ मीटर अंतर द्यावे. पाचही झाडे एकत्र लावायची असतील तर जागेचा प्रथम आराखडा काढावा. पश्चिमेचा वड दुपारचे ऊन अडवितो आणि दक्षिणेचा बारीक पानांचा आवळा विरळ सावली देतो, त्यामुळे ग्रंथातील रचना व्यवहारातही सोयीची आहे. मात्र दहा-पंधरा गुंठ्यांपेक्षा कमी जागेत वड लावण्याचा आग्रह धरू नये. तिथे बेल, आवळा व अशोक ही तीनच झाडे पुरेशी होतात.

एप्रिल-मेमध्ये ६० सें.मी. लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन उन्हात तापू द्यावेत. त्यात पोयटा माती, दोन घमेली शेणखत व अर्धा ते एक किलो निंबोळी पेंड भरावी. एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर पिशवी फाडून, मातीची हुंडी न फोडता रोप लावावे. पिशवी तशीच पुरू नये. रोपास काठीचा आधार व शेळ्यांपासून काटेरी कुंपण करावे. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात आठवड्यास एक-दोन वेळा पाणी व आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे.

वर्षाचे वेळापत्रक

नोव्हेंबर ते जानेवारी : आवळे गोळा करणे, बी काढून सुकविणे; लहान रोपांना थंडीपासून आडोसा.
फेब्रुवारी-मार्च : आवळ्याची पेरणी, अशोकाची फुले पाहून मातृवृक्ष निश्चित करणे.
एप्रिल-मे : बेलाचे बी काढून पेरणे, खड्डे घेणे, रोपांवर सावली करणे.
जून-जुलै : जांभूळ व अशोकाची पेरणी, भिंतीतील वड-पिंपळ काढणे, आधीच्या वर्षीच्या रोपांची लागवड.
ऑगस्ट ते ऑक्टोबर : तण काढणे, अळ्या वेचणे, पिशव्यांची जागा बदलणे.

घरी पन्नास पिशव्या भरल्या तरी कुटुंबास, शेजाऱ्यांना व गावच्या शाळेस पुरतील इतकी रोपे होतात. प्रत्येक पिशवीवर झाडाचे नाव, बी कोणत्या झाडाचे आहे आणि पेरणीची तारीख लिहून ठेवावी. ज्यांना फळांसाठी कलमे हवी आहेत त्यांनी ती कृषी विद्यापीठाच्या, कृषी विभागाच्या किंवा परवानाधारक रोपवाटिकेतूनच पावती घेऊन खरेदी करावीत. येत्या पावसाळ्यात लावावयाच्या झाडांचे मातृवृक्ष आतापासूनच हेरून ठेवावेत.